लंकाबाईंची पायाळू नात

मखमलाबादच्या आमच्या गल्लीत आज जे कुणी तिशीच्या आत आहेत, त्यातल्या निम्म्यांना तरी लंकाबाईंनी न्हाऊ घातलेलं आहे. माझ्या लेकीला, शुभांगीलाही त्यांनीच घातलं. सकाळी आठला त्या यायच्या, पदर खोचायच्या, न्हाणीत पाटावर बसून दोन्ही पाय लांब सोडायच्या आणि बाळाला नडग्यांवर पालथं टाकायच्या. मग तेल, मग हळद आणि साय घातलेलं डाळीचं पीठ, मग कढत पाणी. बाळ टाहो फोडायचं आणि या त्याच्याशी भांडत बसायच्या. "रड, रड भवाने, बापावर गेलीय नुसती!" बाप दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा असायचा आणि निमूट ऐकून घ्यायचा.

न्हाणं झालं की ओवा-वेखंडाची धुरी आणि त्यानंतर बांधणं. बांधणं हे त्यांचं खास काम. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घ्यायचा, बाळाचे हात अंगालगत सरळ करायचे, पाय गुडघ्यात दाबून एकमेकांना जुळवायचे आणि वरून घट्ट गुंडाळून टाकायचं. त्यानं पाय फेंगडे होत नाहीत आणि बाळ झोपेत दचकत नाही, असं त्या सांगत. बाळ सलग तीन तास झोपायचं हे मात्र खरं. रात्रभर जागलेल्या आया त्या तीन तासांसाठी त्यांना दुवा देत. माझी बायकोही द्यायची.

मी सावळीराम. नाशिकच्या एका सरकारी रुग्णालयात, हाडांच्या विभागात प्लास्टर घालण्या-काढण्याचं काम करतो. बत्तीस वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. हे एवढं वाक्य मी आमच्या गल्लीत कधी मोठ्यानं बोललो नाही आणि सगळं तिथूनच सुरू झालं. कुणाचा गुडघा सुजला, कुणाची मान आखडली की लोक एक्स-रे घेऊन माझ्या दारात. मी तो उन्हाकडे धरायचो, डोळे बारीक करायचो आणि काहीतरी सांगायचो. बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं, कारण मोडलेलं हाड आंधळ्यालाही दिसतं. पण 'मला कळत नाही, डॉक्टरांना दाखवा' असं म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि ते मला गोड लागायचं.

लंकाबाईंचं घर माझ्या घराला लागूनच. मागे त्यांचा छोटा मळा, त्यात शेवंती आणि झेंडू, कडेकडेनं मेथी-कोथिंबीर. नवरा फार लवकर गेला. एकुलता एक मुलगा अमोल पहाटे फुलं घेऊन फुलबाजारात जातो. सून पूजा कळवणची, बी.ए. झालेली, बोलायला मऊ पण एकदा मनात धरलं की धरलं. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं होतं, पण आठव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळ उलटं दिसलं, डोकं वर आणि पाय खाली. मग तिला नाशिकलाच ठेवून घेतलं. सिझर झालं, मुलगी झाली. लंकाबाईंच्या सासूचं नाव ठेवलं, गोदावरी. दोन दिवसांत तिची गोदा झाली.

पेढे वाटताना लंकाबाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. नात झाली हे त्या नंतर सांगायच्या, पायाळू झाली हे आधी. जे मूल पायाकडून जन्माला येतं ते पायाळू, आणि पायाळूच्या पायात गुण असतो, त्याचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे पक्कं मानतात. मी म्हटलं, "बाई, ही पोटातून काढलेली पोर. ही कसली पायाळू?"

"आधी काय बाहेर आलं?"

"पाय आले असतील."

"मंग? दार कंचं का असंना, पाय तर आधी टाकला ना तिनं!"

मी दुसरा पेढा घेतला.

गोदा महिन्याची व्हायच्या आतच लोक यायला लागले. भाजीचं क्रेट उचलताना पाठ धरलेला कुणी, द्राक्षाच्या बागेत दिवसभर हात वर करून कंबर भरून आलेली कुणी बाई. ओट्यावर पालथं पडायचं. लंकाबाई गोदाला काखेत धरून तिचा पाय तीनदा पाठीवर टेकवायच्या, आणि तो डावाच. पूजाला हे बघवत नसे. "आत्या, पोर आहे ती. देवी नाही," असं ती म्हणायची. बांधण्यावरूनही तिची कुरकुर होती. तिनं मोबाइलवर पाहिलं होतं की बाळाचे पाय असे ताणून बांधू नयेत, दुमडलेले आणि मोकळे राहू द्यावेत. लंकाबाई हसल्या. "अर्धं मखमलाबाद मी बांधलंय. त्यातलं कोन लंगडतंय, दाव मला."

त्या जानेवारीत माझीही पाठ धरली. एका धिप्पाड पेशंटला टेबलावरून उचलताना कमरेत अशी चमक निघाली की मी वाकलेलाच घरी आलो. हाडांच्या विभागात काम करणारा माणूस. गोळी घ्यावी आणि गप पडून राहावं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंकाबाईंच्या ओट्यावर जाऊन पालथा पडलो. गोदा तेव्हा जेमतेम दीड महिन्याची होती. तिचा लोण्यासारखा पाय माझ्या पाठीला तीनदा लागला. पाठ उतरली का? मला तरी तसं वाटलं. मी उठून बसलो आणि चहा हातात घेतला.

पूजा आत होती. लंकाबाई आवाज बारीक करून म्हणाल्या, "सावळीभाऊ, एक इचारू का? हिच्या डाव्या मांडीत, पार वर खुब्यापाशी, तेल लावताना पाय फाकवला ना, की टक् व्हतं. आतलं काहीतरी सरकल्यावानी. आन हा पाय उजव्याइतका उघडतबी नाय. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई बोलल्या व्हत्या, बाळ उलटं व्हतं, दीड महिन्यानं खुबा दाखवायला आना. पूजा म्हनतीय उद्या जाऊ. न्यावं का?"

किती नीट विचारलं होतं त्यांनी. मला आजही शब्द न् शब्द आठवतो. शेकडो बाळं हाताळलेली बाई ती. त्यांच्या हाताला जे कळलं होतं ते नेमकं होतं, आणि ते त्यांनी माझ्यापुढे ठेवलं होतं.

"लहान बाळांची हाडं वाजतातच," मी म्हणालो. "कोवळी असतात. एवढ्याशा जिवाला दवाखान्याच्या गर्दीत कशाला नेता? थंडी किती आहे. नसतं काहीतरी घेऊन याल. मालिश करा, जरा तेल जास्त घाला, जाईल आपोआप."

"नक्की?"

"अहो, मी रोज बघतो."

मी रोज काय बघत होतो? मोडलेले हातपाय. दीड-दोन वर्षांची लंगडणारी पोरं खुब्याच्या प्लास्टरसाठी माझ्या टेबलावर यायची, पण ती तान्ही असताना त्यांच्या मांडीत काय वाजत होतं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. लंकाबाई आत गेल्या. "उद्या कुठं जायचं नाय," त्या पूजाला म्हणाल्या. "मी सांगते ना, काय झालेलं नाय पोरीला." माझं नाव त्यांनी घेतलं नाही, सुनेपुढं सासूला दुसऱ्याचं नाव कशाला लागतं? पूजा काहीतरी बोलली, मग भांडी जोरात आपटल्याचा आवाज आला. मी चहा संपवला, चपला घातल्या आणि घरी गेलो.

तिसरा महिना सरता सरता ते वाजणं थांबलं. लंकाबाई मुद्दाम कुंपणापाशी येऊन सांगून गेल्या, "गुन आला बरं का भाऊ." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मलाही समाधान वाटलं. खरा प्रकार आम्हाला पुढे कळला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत जायचा आणि सटकायचा, म्हणून टक् व्हायचं. मग तो कायमचा बाहेर राहायला लागला आणि आवाज बंद झाला.

गोदा उशिरा चालायला लागली, सोळाव्या महिन्यात. मी कामावरून येत होतो आणि ती गल्लीतून माझ्याकडेच येत होती, हातात झेंडूचं फूल. पावलागणिक डावीकडे झुकत होती, कमरेत डुलत होती. ओट्यावरच्या बायकांना कोण कौतुक! "बघा बाई कशी ठुमकतीय." मी स्कूटर तिथेच थांबवली. टेबलावर घेण्याआधी मी कितीतरी पोरांचं असं ठुमकणं पाहिलं होतं. तिनं पुढे केलेलं फूलसुद्धा मी घेतलं नाही.

आणि तरीही मी दोन दिवस कुणाला काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पूजाच माझ्या दारात आली. "काका, हिचा एक पाय मला आखूड वाटतो. मांडीच्या वळ्यासुद्धा सारख्या नाहीत. तुम्ही बघता का?" बघायचं काय राहिलं होतं? मी म्हणालो, "उद्या माझ्याबरोबर चला." लंकाबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

आमच्या विभागाच्या साहेबांनी एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावला. समोर पूजा गोदाला घेऊन बसलेली, मागे अमोल आणि लंकाबाई, आणि मी दारापाशी एक्स-रेचं पाकीट हातात धरून. साहेब सावकाश समजावून सांगतात, ही त्यांची चांगली सवय. "हा उजवा खुबा. गोळा वाटीत नीट बसलाय. हा डावा. गोळा बाहेर आहे, वर सरकलाय आणि वाटी रिकामी राहिल्यामुळे उथळ झालीय. जन्माच्या वेळी बाळ उलटं होतं का?"

"हो," पूजा म्हणाली.

"मग सोडताना दीड महिन्यानं खुब्याची सोनोग्राफी करायला सांगितली असेल."

"सांगितली होती."

"पाय सरळ करून बांधायचे का?"

"रोज."

साहेब म्हणाले की बांधल्यामुळेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, उलट्या बाळांना हा धोका असतोच, त्यात मुलींना जास्त. पण पाय ताणून बांधले की सटकणाऱ्या गोळ्याला वाटीत बसायला जागा मिळत नाही. मग पूजानं ते विचारलं, जे प्रत्येक आई विचारते. आधी आणलं असतं तर?

"पहिल्या सहा महिन्यांत आली असती तर नुसते कापडी पट्टे," साहेब म्हणाले. "पाय बेडकासारखे दुमडून ठेवायचे, दोन-तीन महिने. बहुतेक बाळांचा गोळा आपला आपण बसतो, सुरी लावावी लागत नाही. वर्षाच्या आसपास असती तर भूल देऊन, हातानं बसवून प्लास्टर. आता मात्र उघडून बसवावं लागेल, कदाचित मांडीचं हाडही थोडं कापून वळवावं लागेल. मग तीन महिने प्लास्टर. सरकारी योजनेत होईल, त्याची चिंता करू नका. चालेल ती. किती सरळ चालेल, हे मी आज सांगत नाही."

पूजानं मान वळवली. ती ओरडली नाही. "मी जाऊ म्हणत होते, आत्या," एवढंच म्हणाली.

"व्हय," लंकाबाई म्हणाल्या. "मीच नाय जाऊ दिलं. माझ्याच हातानं झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी दारापाशी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं: यांनी मला विचारलं होतं आणि मीच नको म्हणालो. साहेब समोर, खालचा सगळा स्टाफ बाहेर, आणि या लोकांच्या नजरेत मी जो काही होतो तो. मी पाकीट नीट घडी करून टेबलावर ठेवलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ऑपरेशननंतरचं प्लास्टर मीच घातलं. छातीपासून दोन्ही पायांच्या घोट्यापर्यंत, पाय फाकलेले, मध्ये लंगोटापुरती जागा. ते ओलं असताना तळव्यानंच दाबायचं असतं. बोटं रुतली तर आत खड्डे पडतात आणि कातडी सोलवटते. बत्तीस वर्षांत मी एवढ्या जपून कुणाला प्लास्टर घातलं नसेल. भुलीत असलेल्या त्या पोरीचा पाय साहेबांनी धरला होता आणि मी पट्टी फिरवत होतो. मनात काही येऊ द्यायचं नाही, नुसतं वेढे मोजायचे, असं मी ठरवलं होतं. ते जमलं.

बाहेर आलो तेव्हा पूजा सासूशी बोलत होती. "आत्या, आता हिला तुम्ही हात लावायचा नाही. मी एकटी करीन सगळं." अमोलनं मान खाली घातली. लंकाबाईंनी हो म्हणून मान हलवली.

मला आधी वाटलं, राग आहे, उतरेल. पण पूजानं धरलं ते धरलं. तीन महिने, ऐन उन्हाळ्यात, तिनं एकटीनं त्या प्लास्टरमधल्या पोरीचं सगळं केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, कडांना प्लास्टिक लावायचं, घाम आणि लघवी आत जाऊ नये म्हणून जपायचं. आतून खाज सुटली की गोदा किंचाळायची, तेव्हा पुठ्ठ्यानं वारा घालायचा. लंकाबाई उंबऱ्यापाशी बसून राहायच्या. पाणी गरम करून द्यायच्या, फडकी धुवायच्या, जे मागेल ते हातात द्यायच्या. गोदा दोन्ही हात पसरून म्हणायची, "आजी, घे." तेव्हा त्या आपले हात पदरात घालायच्या. "आई घेईल हां सोन्या," असं म्हणायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि तरी मी गप्प राहिलो.

न्हाऊ घालायचं काम त्यांनी पूजानं तसं बजावलं त्याच दिवशी सोडलं. उलट त्या वर्षी ज्या ज्या घरी त्यांनी बाळं बांधली होती, त्या घरी त्या चालत गेल्या आणि सांगून आल्या, बांधू नका, खुबा एकदा डॉक्टरला दाखवा. लोकांना ते आवडलं नाही. एका सासूनं तर त्यांना तोंडावर सांगितलं, "तुमच्या घरी झालं म्हणून आमच्या बाळाला कशाला नाट लावता?" लंकाबाई माझ्या घरी येऊन पाणी प्यायल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

प्लास्टर कापलं तेव्हा गोदाचा पाय काडीसारखा निघाला, पण गोळा वाटीत होता. मी सुटलो, असं मला वाटलं. लंकाबाईंनी विभागातल्या प्रत्येकाला बोलावून बोलावून शेवंतीची फुलं दिली. मग कमरेचा पट्टा, मग व्यायाम, मग पुन्हा एक एक पाऊल. वर्षभरानं साहेबांनी नवा एक्स-रे लावला आणि जुना त्याच्या शेजारी धरला. गोळ्याचा रक्तपुरवठा मध्ये कमी पडला होता. उशिरा बसवलेल्या खुब्यात काही वेळा असं होतं, त्यात कुणाची चूक नसते, असं ते म्हणाले. गोळा चपटा झाला होता. डावा पाय दोन सेंटिमीटर आखूड राहणार होता. तळ जाड केलेला बूट, रोजचे व्यायाम, सहाव्या वर्षी दुसरं ऑपरेशन, आणि पुढे मोठेपणी कदाचित अख्खा खुबा बदलावा लागेल. पूजानं सगळं वहीत लिहून घेतलं. लिहिताना तिचे डोळे कोरडे होते, माझेच नव्हते.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पायाला हलक्या हातानं तेल लावायला सांगितलं होतं. पूजा ते रोज संध्याकाळी ओट्यावर लावायची, पुस्तक वाचून करावं तसं. लंकाबाई कुंपणापाशी उभ्या राहून बघत असायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "वरून खाली नाय वो भाऊ, खालून वर न्यावं लागतं. रक्त चढलं पायजे ना." मी म्हटलं, सांगा की तिला. "नको," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून आलं की करनार नाय. तुमी सांगा." मी सांगितलं. पूजानं लगेच ऐकलं, कारण मी हाडांच्या विभागातला होतो.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. लंकाबाई मळ्यात शेवंती तोडत होत्या, तिथे गेलो आणि बांधावर बसलो. "बाई, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं," मी म्हणालो. "मी नको म्हणालो. तुमचा दोष नाही यात. मी आज पूजाला सांगणार आहे."

त्यांनी तोडायचं थांबवलं नाही. "मला काय इसर पडलाय व्हय?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्या दिवशी तुमचं नाव घेतलं असतं, तर अमोलनं तुमाला दारात उभं केलं नसतं. मंग दवाखान्यात पोरीला कोन बघनार व्हतं? प्लास्टर कोन घालनार व्हतं? तुमचा हात थरथरला असता तर?" टोपली दुसऱ्या सरीत ठेवत त्या म्हणाल्या, "अजून एक आपरेशन राह्यलंय तिचं. तवर गप ऱ्हायचं. माझं काय, म्हातारीचं? पोरीचा पाय नीट झाला की पूजा देईल तिला माझ्यापाशी. ती काय वाईट नाय."

मी त्यांचे पाय धरायला हवे होते. मी फक्त बरं म्हणालो. खरं सांगतो, त्यांनी मना केलं ते मला सोयीचं पडलं. 'त्यांनीच गप्प राहायला सांगितलंय', असं स्वतःला बजावत मी आणखी दोन वर्षं काढली. गोदा जाड तळाचा बूट घालून बालवाडीत जायला लागली. लंकाबाई चार पावलं मागून चालायच्या, दप्तर घेऊन. पोरीचं बोट पूजाच्या हातात असायचं.

गेल्या मार्गशीर्षात त्यांना ताप आला आणि छाती भरली. तीन दिवस दवाखान्यात ठेवल्या, मग त्यांनीच घरी न्या म्हणून हट्ट धरला. पूजानं सेवा केली, त्यात तिळभर कसूर नाही. औषधं वेळेवर, पेज भरवायची, अंग पुसायचं. मी दोनदा जाऊन आलो. लंकाबाईंना बोलताना धाप लागत होती. मला म्हणाल्या, "उन्हाळ्यात आपरेशन. ध्यानात हाय ना?" मी म्हटलं, आहे. आठव्या दिवशी त्या गेल्या.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मग मी गेलो. पूजा मधल्या खोलीत सतरंजीवर गोदाकडून व्यायाम करून घेत होती. अमोल बाजारातून यायचा होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आवाज, चहा, माझे शब्द, लंकाबाईंनी विचारलेलं 'नक्की?', मळ्यातलं बोलणं, सगळं. मला वाटलं होतं ती मला हाकलून देईल, निदान शिव्या तरी देईल. मी त्याच तयारीनं गेलो होतो. खरं तर मला तेच हवं होतं.

ती गोदाला म्हणाली, "जा, बाहेर खेळ थोडा वेळ." बूट चढवून गोदा गेली. अंगणातून तिच्या चालण्याचा आवाज येत होता, एक पाऊल हलकं आणि एक जड. पूजा सतरंजीची कड दुमडत राहिली.

"शेवटच्या चार दिवसांत त्यांनी माझ्यापाशी एकच गोष्ट मागितली," ती म्हणाली. "गोदाला एकदा माझ्याजवळ निजव म्हणाल्या. हात लावनार नाय, नुसती शेजारी निजव. रोज मागत होत्या. मी नाही निजवली, काका."